ब्लॉगवरची म्हस

"कुठं टाकू, मामा?" मोबाइल हातात धरून मोनानं सासऱ्याला विचारलं.

सयाजी रिकाम्या गव्हाणीपुढं उभा होता. पायाशी तुटलेलं दावं. काल दिवेलागणीला गल्लीतल्या पोरांनी लवंगी फटाक्यांची माळ लावली आणि चिमणी, म्हणजे त्याची म्हस, जी उधळली ती गडमुडशिंगीची वेस ओलांडूनच गेली. सयाजी मोटरसायकल वाजवत सगळं शिवार फिरला. चिमणी त्या फाटक्या आवाजामागं कुठंही यायची. दर दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतात तेव्हा तो गाडीवर पुढं आणि शिंगं रंगवलेली चिमणी मागं, अशी दोघं अख्ख्या कोल्हापूरकरांपुढनं पळायची. वसगड्याच्या रस्त्याला तेवढा तो काल गेला नाही. तिकडं कृष्णात राहायचा. त्याची म्हसही पाडव्याला पळायची, आणि त्यापायी दोघांत बोलणं उरलं नव्हतं.

"फेसबुकवर टाकू?"

"तिथं सगळं पावणं हायती. साडू तर माझी फजिती बघायला टपूनच बसलाय."

"मग इन्स्टावर?"

सयाजीनं मान हलवली. इन्स्टावर चिमणी वाघीण होती. तिथं ती शिट्टीवर बसायची, शिट्टीवर उठायची, आणि एकदा तर तिनं उसातला बिबट्या हुसकावून लावला होता. बिबट्या रीलमध्ये दिसला नव्हता, कारण तो आधीच पळाला होता. अशी म्हस लवंगीला भ्याली, हे तिथं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"व्हॉट्सॲपवर दुधाची गिऱ्हाइकं हायती की."

"म्हस न्हाय तर घालतोस ते दूध कुणाचं, म्हणून इचारतील."

उरला ब्लॉग. तोही मोनानंच काढून दिला होता. सयाजी बोलायचा आणि फोन लिहून घ्यायचा. तिथं तो खरं तेवढंच सांगायचा. चिमणी फटाक्याला भिते. आपल्या गाडीच्या आवाजाशिवाय पाऊल टाकत नाही. बायको गेली त्या रात्री आपण घरात नव्हतो, गोठ्यात चिमणीच्या पाठीवर डोकं टेकून बसलो होतो. हे सगळं तिथं होतं. कुणी वाचत नाही, तिथं खोटं बोलायचं कशाला?

"तिथं रोज एकच माणूस येतंय, मामा. ते तरी कोण, कळत न्हाय."

"एक तर एक. दे हिकडं."

फोन तोंडाजवळ धरून तो बोलला, "चिमणी गेली. चूक माझी, दावं जुनं हुतं. दिसली तर मागं पळू नका, ती लांब जाईल. मारू नका. रातच्याला पेंड खाल्ल्याबिगर ती बसत न्हाय, उपाशी असंल." मोनानं फोन काढून घेतला आणि तेवढंच टाकलं.

चहावर साय धरली तरी कप तसाच होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. सयाजी दचकला. आवाज त्याच्याच गाडीचा होता, आणि गाडी तर समोर भिंतीला टेकून उभी होती.

कृष्णात आला. त्याच्या मागनं, पोटापर्यंत चिखल आणि शिंगाला उसाचा पाला, चिमणी.

सयाजीनं तिच्या गळ्याला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही. मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "तुमची गाडी कवापास्नं आमच्यासारखी वाजाय लागली, पावणं?"

कृष्णातनं चपलेकडं बघितलं. "सायलेन्सर बदलून घेतला. मेकॅनिकला तुमची रीलं ऐकवली."

"कशापायी?"

"पाडव्याला भर गर्दीत तुमची म्हस माझ्या मागनं न्यायची हुती. ती आवाजावर येती, हे तुमीच लिवलंय की ब्लॉगवर."

"म्हंजी ते एक माणूस तुमी?"

"खोड सापडंल म्हणून वाचाय लागलो." कृष्णातनं गाडी स्टँडला लावली. "मग वयनींचं वाचलं. तवापास्नं नुसतंच वाचतोय. रात्रभर माझ्या उसात कुणाची तरी म्हस वरडत हुती, कायबी करा, भाईर यीना. सकाळी तुमचं वाचलं आन् गाडीला किक मारली."

चिमणीपुढं पेंड ठेवून सयाजी खाली बसला आणि तटतटलेल्या कासेला हात घातला. पहिला तांब्या फेसासकट भरला तो त्यानं कृष्णातच्या हातात दिला. कृष्णातनं उभ्या उभ्याच तोंडाला लावला आणि संपवूनच खाली घेतला.

"काकांचं आभार कुठं टाकू, मामा?" मोनानं विचारलं.

"कुठंच नको," कृष्णात मिशीचा फेस पुसत घाईनं म्हणाला. "फेसबुकवर आमचंबी पावणं हायती."

तो निघाला. त्यानं गाडी चालू केली आणि चिमणीनं पेंडीतनं तोंड काढलं. गिअर पडेपर्यंत ती दारात होती. सयाजीनं धावत जाऊन चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

"तशीच न्या."

"ढकलत? वसगड्यापर्यंत?"

"मी हाय की मागनं."

मग कृष्णातनं हँडल धरलं, सयाजीनं सीटला हात लावला, आणि दोघं म्हातारे भर गल्लीतनं ती धडधाकट गाडी ढकलत निघाले. दोघांना एकत्र बघून कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबली. शेवटी एकानं धीर करून विचारलं, "पेट्रोल संपलं काय?"

"व्हय," सयाजी म्हणाला, आणि आणखी जोर लावला.