दुसरी रेषा

दादाच्या आजाराचं मूळ एका जनुकात होतं. त्या जनुकाला गप्प बसवणारे अतिसूक्ष्म कण मी प्रयोगशाळेत बनवायचे आणि दादाच्याच त्वचेतून घेतलेल्या पेशींवर सोडायचे. मागच्या खेपेला मशीनवर, जनुक चालू असलं की चढणारी त्याची रेषा आडवीच राहिली. ते गप्प बसलं म्हणून मी सगळ्यांना चॉकलेटं वाटली. नंतर कळलं, कणांनी पेशीच मारल्या होत्या. रिकाम्या घरात भांडणार कोण? आज दोन रेषा होत्या. दुसरी, पेशी जिवंत असतील तरच चढणारी. जनुकाची आडवीच राहिली. चॉकलेटांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या दादानं झाकणाला हात घातला. “हात काढ,” मी दटावलं, “एकदा तोंड पोळलंय.” तेवढ्यात दुसरीनं डोकं वर काढलं आणि ती चढतच गेली. “घर भरलेलंय दादा, भांडखोर तेवढा गप्प झालाय.” दादानं पहिलं चॉकलेट स्वतःच्याच तोंडात टाकलं. “पेशी माझ्या, मान माझा.”