उल्टनचं बरोबर आहे

"उल्टन गेराटीचं बरोबर आहे," टीव्हीवर मॅलकी टियर्नन म्हणाला.

नोरीनच्या पबमध्ये क्षणभर कुणाला काही उमगलंच नाही. मग एकच गिल्ला उठला. शेजारी बसलेल्या डोनीने उल्टनच्या पाठीत असा काही धपाटा घातला, की त्याच्या ग्लासातली निम्मी बिअर बाकावर सांडली.

मॅलकी गावचा खासदार. त्याचं घर पबच्या समोरच, रस्त्यापलीकडे. उल्टन दर निवडणुकीला त्याच्याविरुद्ध उभा राहायचा आणि दर निवडणुकीला आपटायचा. सध्याचं भांडण गावामागच्या दलदलीवर पवनचक्क्या उभारण्याचं होतं. मॅलकीला त्या हव्या होत्या, उल्टनला नको होत्या. रात्रीच्या त्या वादविवादाच्या कार्यक्रमात मॅलकी असला, की सगळे नोरीनकडे जमायचे, पडद्याकडे बघून त्याची टर उडवायचे आणि उल्टन डब्लिनच्या स्टुडिओला फोन करून एक खोचक प्रश्न पाठवायचा. मॅलकीही उधारी ठेवायचा नाही. गेल्या खेपेला तो म्हणाला होता, "उल्टनला दलदलीतलं इतकं कळत असतं, तर त्याचा ट्रॅक्टर तिथे रुतला नसता." अख्ख्या देशाने ते ऐकलं होतं.

आणि आज हे!

"आज जरा जास्तच झालेली दिसतेय खासदारांना," डोनी म्हणाला.

"थेंबाला शिवत नाही तो," नोरीनने तिथल्या तिथे खोडून काढलं. "माझं गिऱ्हाईक असता तर मला ठाऊक नसतं?"

"मग दुसऱ्या पक्षाने मंत्रिपद कबूल केलं असेल."

"उल्टन, आजची बिअर तुझ्याकडून हं! असा दिवस पुन्हा उगवायचा नाही," कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

उल्टन हसला. पण हसू तोंडातच अडकलं. त्याला आपलंच कळेना. जे एक वाक्य ऐकायला तो उभा जन्म तडफडला, ते कानावर पडलं आणि आनंद काही होईना.

पडद्यावर सूत्रसंचालक पुढे झुकला. "म्हणजे तुमची भूमिका बदलली, असं समजायचं का आम्ही?"

"बरोबर आहे," मॅलकी म्हणाला. "त्याचं... ते... बरोबर आहे."

स्टुडिओत हशा पिकला. मॅलकीने पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. हात ग्लासापर्यंत पोचलाच नाही, टेबलावर तसाच पडून राहिला. मॅलकी हसत होता, पण ओठांची एकच बाजू वर गेली होती.

"गप्प बसा जरा," उल्टन म्हणाला आणि त्याने स्टुडिओचा फोन लावला.

फोनवरच्या मुलीने त्याचा आवाज लगेच ओळखला. "गेराटीसाहेब, आज तर त्यांनी तुमच्यापुढे हात टेकले! आता आणखी काय हवंय?"

"मला नको काही. त्याला डॉक्टर हवाय. आत्ताच्या आत्ता."

"तुमचं आपलं काहीतरीच!" ती हसली. "बरं, देते हं निरोप." फोन बंद झाला.

उल्टन कोट न घालताच बाहेर पडला. पाठीमागून डोनी ओरडला, "अरे, तो सापडलाय तावडीत, आणि तू निघालास कुठे?" उल्टनला तरी कुठे ठाऊक होतं? पाय रस्ता ओलांडून गेले आणि ज्या दाराची पायरी तो वर्षानुवर्षं चढला नव्हता, त्या दारावर त्याच्या मुठी पडू लागल्या.

मॅलकीची बायको ब्रीज शाल सावरत दारात आली. नवरा टीव्हीवर असला की ती घरातला टीव्ही बंद ठेवायची. तिचा जीव टांगणीला लागायचा.

"काय रे, आता दारात येऊन भांडणार?"

"ब्रीज, मॅलकीला काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"माझं बरोबर आहे म्हणाला."

ती हसेल, असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मॅलकीचा ड्रायव्हर स्टुडिओबाहेर गाडीत बसून होता. तिने त्याला फोन लावला. "काहल, आत जा. कुणाला विचारत बसू नकोस. सरळ आत घूस आणि त्याला दवाखान्यात ने."

तिने टीव्ही लावला. काहल दिव्यांच्या उजेडात धावत आला, मॅलकी त्याच्या खांद्यावर कलला, आणि पडद्यावर साबणाची जाहिरात सुरू झाली.

त्या रात्री ब्रीजला डब्लिनला उल्टननेच नेलं. आपण हे का करतोय, याचा उलगडा त्याला शेवटपर्यंत झाला नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, असं पहाटे डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर आणलंत म्हणून निभावलं.

काही आठवड्यांनी मॅलकी घरी परतला तेव्हा कुंपणावर काटेरी झुडपांचा पांढरा फुलोरा आला होता. हातात काठी होती, बोलणं सावकाश होतं, पण शब्द जाग्यावर आले होते. त्या रात्रीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. ते चित्रण ब्रीजने कुणालाही त्याला दाखवू दिलं नव्हतं, आणि तिच्या धाकाने गावानेही तोंड शिवलं होतं.

उल्टन भेटायला गेला. ब्रीजने चहा ठेवला. बराच वेळ दोघं हवापाण्याचं बोलले. मग मॅलकीने हळूच विचारलं, "त्या रात्री माझं शेवटचं बोलणं तुझ्याबद्दल होतं म्हणे. काय म्हणालो रे मी?"

ब्रीजच्या हातातली किटली जागीच थांबली.

उल्टनने कपात चमचा फिरवला. मग म्हणाला, "अख्ख्या देशासमोर मला मूर्ख म्हणालास."

मॅलकी खुर्चीत मागे रेलला. इतक्या दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

"म्हणजे तोवर तरी डोकं ठिकाणावर होतं माझं!"