सलग दहा

नऊ बरोबर आली आणि दहावं चुकलं. पुन्हा.

पडद्यावर लाल चौकोन उमटला. मुलीने डोळे गच्च मिटले. बाबा मात्र खुर्चीत आरामात रेलून बसले होते. चुकल्याचा त्यांना ना खेद ना खंत.

चाचणी साधीच होती. पडद्यावर दोन चित्रं यायची. त्यांतलं बरोबर कोणतं, ते मागच्या खेपेवरून आठवायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. सलग दहा उत्तरं बरोबर आली की बारीकशी घंटी वाजायची आणि काम संपायचं. पहिल्या शनिवारी बाबांनी ते आठ मिनिटांत उरकलं होतं. मुलीने "शाब्बास" म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि अर्धा चहा तसाच टाकून ती पळाली. तिच्यामागे कामं काय थोडी होती! त्यानंतरच्या अकरा शनिवारांत घंटी एकदाही वाजली नाही. दोन-दोन तास बसावं लागायचं. मधे चहा व्हायचा, बाबा ऑफिसातल्या जुन्या गमती सांगायचे, आणि नऊ झाली की हटकून माशी शिंकायची.

माणूस काय लक्षात ठेवतो आणि त्यावरून कसा निवडतो, याचं गणिती मॉडेल बनवणं हा मुलीचा पेशा. कोण कुठे चुकेल, हे तिचं मॉडेल आधीच सांगायचं. बाबांचे आकडे घातले की ते एकच सांगे: यांची स्मृती नऊच्या पुढे टिकत नाही. तीस वर्षं टपालाची छाननी करताना एक पत्र चुकीच्या खणात न टाकलेला माणूस! मुलीचा जीव तुटत होता.

सकाळीच दादाचा फोन येऊन गेला होता.

"वृद्धांच्या संस्थेतली खोली सोमवारपर्यंतच धरून ठेवणारेत. बाबा एकटे राहतात. उद्या गॅस चालू राहिला म्हणजे? तुझंच मॉडेल सांगतंय ना? मग सही कर आणि मोकळी हो."

तिचंच मॉडेल तिच्या उरावर बसलं होतं. आणि बाबांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. चाचणी कशासाठी आहे ते देणाऱ्याला सांगायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम. शहाणीने तो जन्मदात्यालाही लावला होता.

मग तिने आयुष्यात केली नव्हती ती लबाडी केली. चाचणीत दहाच्या जागी सातचा आकडा टाकला. सात तर ते डोळे झाकून देत होते. घंटी वाजेल, निकालाचा कागद निघेल, दादाचं तोंड बंद होईल. पुढचं पुढे.

"बाबा, आज सातच हवीत हं. सलग सात आली की सुटलो."

"सातच?" बाबांचा चेहरा उतरला. "बरं."

एक. दोन. तीन. ती श्वास रोखून बघत होती. चार. पाच. सहा. आता तिने टेबलाखाली चक्क हात जोडले. सातव्या जोडीला बाबांचं बोट बरोबर चित्राकडे निघालं, त्याच्यापाशी क्षणभर थांबलं, आणि सरकून दुसऱ्यावर टेकलं.

लाल चौकोन.

मुलगी त्या बोटाकडे बघतच राहिली. अकरा आठवडे नऊपर्यंत टिकणारी स्मृती आज नेमकी सहालाच कशी संपली? तिने हळूच लॅपटॉपच्या झाकणाला हात घातला.

बाबा दचकले. त्यांनी घाईघाईने तिचं मनगट धरलं.

"मिटू नकोस गं! अजून सात कुठे झालीत? त्याआधी तुला जाता येत नाही."