रंगाचं सेटिंग

नवा कॅमेरा हातात आला आणि त्याला धीर धरवेना. बायकोला खिडकीपाशी बसवून तो फोटोंवर फोटो काढत सुटला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट फोटो येत होता. तिचे डोळे तेवढे पिवळट दिसत होते.

"रंगाचं सेटिंग गंडलंय."

"अहो, मान अवघडली माझी. फोटो काढताय की पुतळा घडवताय?"

त्याने सेटिंग उन्हाचं केलं. पिवळे. ढगाळ हवेचं केलं. पिवळेच. डोळे पुन्हा पिवळे झाले तर आमच्या हातात काही उरणार नाही, असं डॉक्टर गेल्या खेपेला म्हणाले होते. पण ते आत्ता कशाला आठवायचं?

"दुकानदाराने चक्क टोपी घातली मला!"

"त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावता?" ती हळूच म्हणाली.

शेवटी त्याने माहितीपुस्तिका उघडली. कोरा कागद समोर धरा, तो फोटोत पांढरा दिसला की रंग बरोबर, असं तिच्यात लिहिलं होतं. त्याने बायकोला गालाशी कागद धरायला लावला, बटण दाबलं आणि पडद्यावर पाहिलं.



कागद पांढराशुभ्र आला होता.