तापीवरचा कवड्या

शिडीवर उभा राहून योगेंद्र शेवटचा खिळा ठोकत होता आणि खाली बायका त्याच्या बायकोचं कौतुक करत होत्या.

काल्याच्या कीर्तनाला अजून अर्धा तास होता. सारंगखेड्याच्या विठ्ठल मंदिरात बुवांच्या गादीमागची भिंत त्यानं ठोकलेल्या कापडानं भरून गेली होती. आठ हात रुंद, सुरतेहून छापून आलेलं. निळ्या-राखाडी पाकळ्यांचं एक मोठं चक्र, त्याच्या आत दुसरं, त्याच्याही आत तिसरं. नजर एकदा शिरली की बाहेर निघत नव्हती. येणारा माणूस आधी पांडुरंगाला हात जोडी आणि मग वळून भिंतीकडे बघत राही. एका म्हाताऱ्यानं तर भिंतीलाही हात जोडले.

फोटो योगेंद्रचा होता. अकरा पहाटा त्यानं तापीच्या काठी गारठ्यात बसून काढल्या, तेव्हा तो मिळाला. धुकं, लव्हाळी, पाण्याचे तरंग आणि पाण्यावर जागच्या जागी पंख फडफडवत मासा हेरणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला तेव्हा सात लाइक आले होते. तोच फोटो त्याच्या बायकोनं, रूपालीनं, फोनवर घेतला, उभा कापला, आडवा कापला, आरशात धरावा तसा उलटसुलट जोडला, फिरवला, पुन्हा जोडला. चार संध्याकाळी ती तेवढंच करत होती, भाकरी टाकता टाकता.

"फोनच करस ते सगळं," तो शिडीवरून म्हणाला. "दोन बटन दाबात का व्हई जास."

धनुबाई भजनी मंडळातली सगळ्यांत थोरली. तिनं मान वर केली. "आनि तू काय करस रे भाऊ? तू बी बटनच दाबस ना?"

बायका हसल्या. रूपालीही हसली, तोंडाला पदर लावून. त्याला तेच जास्त लागलं.

तेवढ्यात बुवा आले. गादीकडे निघालेले पाय मध्येच थांबले. हे कोणाच्या हातचं, असं त्यांनी विचारलं आणि बायकांनी रूपालीला पुढे ढकललं. बुवांनी नुकताच गळ्यात पडलेला झेंडूचा हार काढून तिच्या ओंजळीत ठेवला. वीस वर्षं कीर्तन करतो आहे, म्हणाले, पण पाठीशी असं फूल घेऊन कधी उभा राहिलो नव्हतो. रूपालीनं घाईघाईनं वर बोट दाखवून सांगितलं की मूळ फोटो यांचा आहे. बुवांनी वर पाहिलं, हसून मान डोलावली आणि शिडी धरा रे कोणीतरी, म्हणाले.

योगेंद्र खाली उतरला. हातोडी हातातच होती.

"फूल नई शे ते." आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मन्हा पक्षी शे."

सभामंडपातल्या सगळ्या माना वळल्या. खांद्यावर वीणा घेऊन फेऱ्या घालणारे दगाआप्पासुद्धा जागीच थांबले.

धनुबाईनं डोळे बारीक करून भिंतभर पाहिलं. "कोठे शे? दखाड ना मंग."

त्यानं हातोडी खाली ठेवली आणि भिंतीपाशी गेला. त्या कवड्याचं पीस न् पीस त्याला पाठ होतं. पंखावरचा पट्टा दिसला म्हणून बोट नेलं, तर ते दोन लव्हाळ्यांमधलं धुकं होतं. चोच म्हणून धरली ती तरंगाची कड निघाली. एका पाकळीवरून दुसरीवर, तिथून आतल्या चक्रात, तिथून आणखी आत. बोट फिरत फिरत अगदी मधोमध आलं आणि टेकलं. तिथेच ते त्यानं दाबून धरलं. उचललं असतं तर पुढे कुठे न्यायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मागे कोणीतरी खोकलं. कोणीतरी दुसऱ्याला गप्प बस म्हणालं.

रूपाली केव्हा शेजारी आली ते त्याला कळलं नाही. आधी झेंडूचा वास आला. मग ती बोलली, फक्त त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू.

"बोट उचला. तेनाच खाले शे तो."

बुवांनी टाळकऱ्यांना खूण केली. टाळ वाजले, मृदंगावर थाप पडली. धनुबाई खाली बसली, तिच्यामागे सगळ्या बायका बसल्या. योगेंद्र सगळ्यांकडे पाठ करून भिंतीशी उभा होता.

त्यानं बोट उचललं नाही.