दादाच्या मापाची सीट

"केवढी ढगळ सीट ही!" धाकटा म्हणाला. "वहिनी, पाठीला एखादी उशी द्या बघू."

वहिनीने सोफ्यावरची उशी आणून दिली. "एकच चक्कर हं, भाऊजी. उद्या गाडी न्यायला माणसं येणार आहेत. आणि उन्हं उतरायच्या आत परत या, माझ्या जिवाला घोर लावू नका."

छातीत कळ येऊन दादा गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. गाडी मात्र गॅरेजमध्ये तशीच होती. जमिनीला टेकलेली, अंगाने शर्यतीची, तरी नंबरप्लेट लावून राजरोस रस्त्यावर फिरणारी. अशा गाड्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिची सीट मागेपुढे होत नसे. कारखान्यात मालकाला ओल्या फोममध्ये बसवून त्याच्या पाठीचा साचा घेत आणि सीट कायमची ठोकून टाकत. पेडलसुद्धा त्याच्याच पायांच्या मापाने. दादा आडदांड, धाकटा काडीपैलवान. लहानपणी दादाचे जुने शर्ट त्याच्या अंगावर झुलायचे, आता सीटमध्ये तोच झुलत होता. दादाने हयातीत त्याला या स्टिअरिंगला बोट लावू दिलं नव्हतं. आज तासभर तरी त्याला दादा व्हायचं होतं. बाकी काही नको होतं.

फाटकाशी वॉचमन हसला. "सावकाश हं, धाकटे मालक!" गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं आणि धाकट्याने जीभ चावली.

मोकळा रस्ता लागला. त्याने पाय दाबला, म्हणजे बोटं कशीबशी पोचवली. पाठीमागे इंजिन ओरडलं. कडेची झाडं एकमेकांत मिसळली. पहिल्या वळणावर तो सीटच्या या कडेवरून त्या कडेवर आपटला आणि आनंदाने किंचाळला. असं सुख त्याने जन्मात अनुभवलं नव्हतं. दुसऱ्या वळणावर तो जरा कमी आपटला. तिसऱ्याच्या आधी त्याने घसा खाकरला. वळण आलं की दादा खाकरायचा, अगदी तसा. त्याची त्यालाच गंमत वाटली, तो हसला. हसू जाडसर निघालं.

मग उशी टोचायला लागली. पाठीमागे जागाच उरली नव्हती. त्याने ती ओढून काढली आणि शेजारच्या सीटवर टाकली. आता खांदे दोन्ही बाजूंना घट्ट बसले. पाय पेडलवर सपाट टेकले. शर्टाचं वरचं बटण तटकन तुटलं. तो घाबरला. गाडी थांबवावी, उतरावं, चालत घरी जावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण पुढे रस्ता सरळ होता. त्याने पाय आणखी दाबला.

परतताना गतिरोधकावर त्याने गाडी तिरकी घेतली. पोट लागलं नाही. वॉचमनने खाडकन सलाम ठोकला.

वहिनी दारातच उभी होती. तो उतरला. तिने त्याच्याकडे जरा रागानेच पाहिलं, रोज पाहावं तसं. मग ती वाकून गाडीत डोकावली. शेजारच्या सीटवर नुसती उशी होती.

"अहो," ती म्हणाली, "भाऊजी कुठे राहिले?"