कोरड्या आडांच्या कप्प्या

“खांदा लई ठणकायलाय. तूच ओढ,” बंकट म्हणाला.

छबुबाईनं पदर खोचला आणि दोर ओढला. कप्प्या करकरल्या. जाड कापडाचं शीड आडव्या वाशासकट डोलकाठीवर चढू लागलं. सावकाश चढलं, पण चढलं.

“उद्या काय करताल?” तिनं विचारलं. “चेरमन मला बघायला न्हाई येणार.”

“उद्याचं उद्या. गाठ सोड. परत बांध.”

होडी मच्छीमार संस्थेची होती. ज्याच्या नावावर होडी त्याला एकट्यानं शीड चढवता आलं तरच ती त्या घराकडं ठेवायची, असं संस्थेनं ठरवलं होतं, आणि उद्या पाहणी होती. यांचं रान धरणात गेलेलं. होडी गेली की घरात दुसरं काही उरत नव्हतं.

कप्प्यांची युक्ती बंकटची. दोन वर, दोन खाली, त्यांतून दोर फिरवलेला. जोर चौथाई लागतो, दोर चौपट ओढावा लागतो. त्या वर्षीच्या दुष्काळात त्यांच्या तेलगावचे आड आटले होते आणि त्यांवरच्या कप्प्या नुसत्या लटकत होत्या. छबुबाईनं दारोदार जाऊन मागितल्या. ‘ह्यांचा हात उचलत न्हाई,’ असं तिनं सांगितलं की कुणी नाही म्हणालं नाही. शेजारच्या केशरबाईनं तर तेल घालून दिली.

तेव्हापासून तो होडीत बसून नुसता सांगायचा. दोर तिनं ओढायचा. सुकाणूही तिनंच धरायचं. पाणी उतरल्यामुळं बुडालेल्या बाभळींची खोडं वर आली होती. त्यांतून वाट काढायची तीही तिनंच. तिला राग यायचा. मग त्याच्या खांद्याकडं बघून ती पुन्हा दोर ओढायला लागायची.

सकाळी चेअरमन उत्तरेश्वर सभासदांना घेऊन काठावर आला. होडीसाठी पुढचा नंबर सिदूचा होता. तो कप्प्यांकडं बघून हसला.

“बंकटदादा, येवढा दोर ओढूस्तोवर वारा गेवराईला जाईल की!”

“जाऊ दे. त्येला बी तिकडं काम असंल.”

सगळे हसले. उत्तरेश्वर म्हणाला, “हं, ओढा.”

बंकट होडीतून खाली उतरला. “ही ओढती. होडी हिच्या नावानं करा.”

छबुबाई बघतच राहिली. मग तिनं दोर धरला. शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं. खोडं चुकवत तिनं होडी एक फेरी मारून काठाला आणली आणि शीड उतरवलं. सिदूनंच आधी मान डोलावली.

“होडी तुमच्याकडंच राहिली, वहिनी,” उत्तरेश्वर म्हणाला. माणसं पांगली.

छबुबाई मात्र भडकली होती. “चार दिवसांत खांदा बरा झाला असता. काहून सोडली नावावरची होडी?”

बंकटनं होडीचं टोक चाचपलं. मग त्याच दुखऱ्या खांद्यानं जोर लावून एका हिसक्यात चिखलातून होडी वर ओढली. ती थक्क झाली.

“खांद्याला कायबी झालं न्हवतं,” तो तिच्या आवाजाकडं तोंड करून म्हणाला. “मला खोडं दिसंना झालीत गं. आता तूबी दिसंनास.”